तुमच्या प्रॉडक्टचं वजन कुठे आहे? गोल्फच्या ड्रायव्हरकडून शिकण्यासारखी एक गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हातात गोल्फची काठी घेऊन उभा होतो. बऱ्याच जणांना वाटलं असेल, सर आता गोल्फ शिकवणार की काय? अजिबात नाही. मला स्वतःला गोल्फ धड खेळता येत नाही. पण त्या काठीच्या टोकाला जे डोकं असतं ना, त्याच्या आत वजन कुठे ठेवायचं यावर मोठमोठ्या कंपन्यांनी कित्येक वर्षं डोकं खपवलंय. आणि तो प्रश्न तुमच्या-माझ्या धंद्याचाच आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी मी आणि माझी बायको घरून इन्स्टंट ढोकळ्याचं पीठ विकायचो. आमच्या स्वयंपाकघरात त्याचा ढोकळा असा व्हायचा की पाहुणे दोनदा मागून घ्यायचे. जाळीदार, मऊ, एकदम हलका. पाकिटावर लिहिलं होतं, एवढ्या पिठाला एवढं पाणी. दोन महिन्यांनी फोन यायला लागले. "दादा, ढोकळा बसला." "वहिनी, चिकट झालाय." आम्ही दर वेळी विचारायचो, पाणी मोजून घातलं होतं का? उत्तर यायचं, "अंदाजानेच घातलं." आम्ही फोन ठेवून म्हणायचो, चूक त्यांची आहे.

चूक त्यांची होती, हे खरंच. पण पुढचं पाकीट न घेणारेही तेच होते! सहा महिन्यांत चार दुकानदारांनी माल परत केला. आमचं प्रॉडक्ट वाईट नव्हतं. ते फक्त बरोबर वापरणाऱ्यासाठी बनलं होतं.

हे मला पुष्कळ उशिरा, गोल्फच्या ड्रायव्हरबद्दल वाचताना नीट समजलं. म्हणून आज तोच विषय.

आधी हत्यार समजून घेऊ

गोल्फमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या काठ्या असतात. त्यांना क्लब म्हणतात. सर्वात लांब मारायचा, बहुतेक वेळा खड्ड्याकडे जायचा पहिला फटका ज्याने मारतात, तो ड्रायव्हर. लांब दांडा म्हणजे शाफ्ट आणि टोकाला फुगीर, आतून पोकळ हेड. हेडचा जो सपाट दिसणारा भाग चेंडूवर आदळतो तो फेस. शाफ्टच्या बाजूचं टोक म्हणजे हील, लांबचं टोक म्हणजे टो.

आता आकडे बघा. हेडचं वजन साधारण २०० ग्रॅम. चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. फेस आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढा. तेवढ्यात सगळा निकाल लागतो.

क्रिकेट खेळलेल्या कोणालाही एक गोष्ट माहीत असते. बॅटच्या बरोबर जागी चेंडू लागला की हाताला काही कळतसुद्धा नाही आणि चेंडू सुसाट जातो. कडेला लागला की हाताला झिणझिण्या येतात, बॅट हातात फिरते आणि चेंडू कुठेतरी जातो. ड्रायव्हरचंही तसंच. हेडचा एक गुरुत्वमध्य असतो, म्हणजे सगळं वजन जणू एकाच बिंदूत जमा झालंय असा बिंदू. फटका त्या बिंदूच्या समोर बसला तर हेडचा जोर चेंडूला पुरेपूर मिळतो. बाजूला बसला तर हेड स्वतःच गर्रकन वळतं, थोडा जोर त्या वळण्यात वाया जातो आणि फेसची दिशाही बदलते.

व्यावसायिक खेळाडूचे बहुतेक फटके मधोमध बसतात. रविवारी सकाळी हौसेने खेळणाऱ्याचे बसत नाहीत. आणि दुकानात जाऊन ड्रायव्हर विकत घेणारे कोण? तर बहुतेक रविवारवालेच.

घरी करून बघायचा प्रयोग

चार फुटांची एक काठी घ्या. अर्ध्या लिटरच्या दोन भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घ्या. आधी दोन्ही बाटल्या काठीच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर, दोन बाजूंना बांधा. मधोमध धरून मनगटाने काठी डावीकडे-उजवीकडे वळवा. सहज वळेल. आता त्याच बाटल्या दोन टोकांना, म्हणजे मध्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर बांधा. परत वळवून बघा. मनगट दुखेल!

वजन तेवढंच आहे. पैसेही तेवढेच लागले. फक्त जागा बदलली.

वळायला होणाऱ्या या विरोधाला गोल्फवाले एमओआय म्हणतात, शाळेच्या पुस्तकात जडत्व आघूर्ण. याचा हिशोब अंतराच्या वर्गाने होतो. अंतर ६ पट केलं तर त्या बाटल्यांचा एमओआय ३६ पट झाला. ड्रायव्हरमध्येही तेच. वजन मधल्या भागातून काढून कडेला आणि मागे नेलं की फटका टो किंवा हीलला बसला तरी हेड कमी वळतं, चेंडू कमी भरकटतो. अशा क्लबला इंग्रजीत फरगिव्हिंग म्हणतात. आपल्याकडे यासाठी छान शब्द आहेत. चुका पोटात घालणारा, सांभाळून घेणारा.

गॅरेज, कर्ज आणि साठीनंतरचा धंदा

आता तुमच्या कामाचा भाग. ही कल्पना बाजारात आणली कोणी? मोठ्या कंपन्यांनी नव्हे.

कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. चाळिशी ओलांडल्यावर गोल्फ खेळायला लागले आणि जवळून मारायचा क्लब, म्हणजे पटर, त्यांना जमेना. सरावाने सुधारणारे खूप असतात. यांनी पटरच बदलायचं ठरवलं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटी इथे घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी वजन दोन टोकांना विभागलेला पटर बनवला. चेंडू लागल्यावर 'पिंग' असा आवाज यायचा, तेच नाव पडलं. पुढे कितीतरी वर्षं नोकरी सांभाळून त्यांनी धंदा केला आणि १९६७ मध्ये राजीनामा दिला. नोकरी सोडायची घाई झालेल्यांनी हे वाक्य परत वाचा.

दुसरे गॅरी ॲडम्स. हे गोल्फच्या सामानाचे सेल्समन. तेव्हा ड्रायव्हरचं हेड पर्सिमन नावाच्या झाडाच्या भरीव लाकडाचं असायचं. भरीव म्हणजे वजन मध्यभागीही आलंच. ॲडम्स यांनी १९७९ मध्ये घरावर २४,००० डॉलरचं कर्ज काढून टेलरमेड सुरू केली आणि पोकळ स्टीलचा ड्रायव्हर आणला. पोकळ असल्यामुळे वजन आपोआप कवचात, म्हणजे कडेला गेलं.

तिसरे एली कॅलवे. आधी कापड उद्योगात मोठ्या पदावर, मग द्राक्षबागा आणि वाइन. तो धंदा विकून १९८२ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी एका छोट्या गोल्फ कंपनीत पैसे घातले. १९९१ मध्ये त्यांच्या कंपनीने 'बिग बर्था' हा ड्रायव्हर आणला. हेड १९० घनसेंटिमीटरचं, त्या काळाच्या मानाने चांगलंच मोठं. हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या.

तिघांची कल्पना एकच होती: "गिऱ्हाईक चुकणारच आहे, मग त्याची चूक स्वस्तात सुटावी अशी वस्तू बनवू."

नियम आले आणि शर्यतीची जागा बदलली

पुढे टायटॅनियम आलं. स्टीलपेक्षा बरंच हलकं, त्यामुळे २०० ग्रॅममध्ये मोठं हेड बसायला लागलं. फेस पातळ झाला आणि ट्रॅम्पोलिनसारखा चेंडू उडवायला लागला. मग गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्था, अमेरिकेची यूएसजीए आणि ब्रिटनची आर अँड ए, यांनी लगाम घातला. फेसच्या उसळीला मर्यादा आली. हेडच्या आकारमानाला ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा आली. एमओआयलाही उभ्या अक्षाभोवती ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा आली.

याचा अर्थ काय झाला? मधोमध बसलेला फटका आता कोणत्याही कंपनीचा घ्या, जवळपास सारखाच. तिथे कोणाला फार पुढे जाता येत नाही. फरक पाडायला उरला तो चुकलेला फटका. आज जाहिरातीत जी स्पर्धा दिसते ती बरीचशी तिथलीच आहे. २०२४ च्या सुरुवातीला पिंग आणि टेलरमेड दोघांनी '१०के' म्हणवणारे ड्रायव्हर आणले. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांच्या वळण्याला होणारा विरोध मिळून १०,००० च्या वर, हे त्या नावामागचं गणित.

तुमच्या लाइनमध्येही बघा. दहा जण शेवया विकतायत, दहाही जणांच्या चांगल्याच आहेत. मग गिऱ्हाईक कोणाकडे टिकतं? शिजवताना दोन मिनिटं जास्त गेली तरी ज्याच्या शेवयांचा लगदा होत नाही, त्याच्याकडे.

मग सगळं वजन मागेच का नाही ठेवत?

आता खरी गंमत. तुम्ही म्हणाल, सर, सोपं आहे, सगळं वजन खाली आणि मागे ढकला. पण त्याची किंमत मोजावी लागते.

ड्रायव्हरचा फेस सरळ उभा नसतो, थोडा मागे कललेला असतो, समजा १० अंश. गुरुत्वमध्यातून फेसला काटकोनात एक रेघ काढा. ती फेसला जिथे मिळते, तिथे बसलेला फटका सर्वात जोरकस. गुरुत्वमध्य १० मिलिमीटर मागे नेला तर फेस कललेला असल्यामुळे ही रेघ फेसवर जवळपास पावणेदोन मिलिमीटर वर सरकते. म्हणजे मधोमध लागलेला चेंडू आता त्या जोरकस जागेच्या खाली लागला. अशा फटक्यात चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते. शिवाय मागचं वजन शाफ्टला पुढे वाकवतं, त्यामुळे फेस आणखी वर बघतो. चेंडू उंच जातो. हळू मारणाऱ्याला हे हवंच असतं, कारण त्याचा चेंडू हवेत टिकत नाही. पण जोरात मारणाऱ्याचा चेंडू नुसता वर चढतो आणि अंतर गमावतो.

गुरुत्वमध्य पुढे, फेसजवळ आणला तर उलटं होतं. फिरकी कमी, चेंडू दमदार, जमिनीवर पडल्यावरही पळतो. बरोबर मारणाऱ्याला जास्त अंतर. पण वजन कडेपासून आत आलं, एमओआय घटला. फटका टोला लागला की संपलं.

२०१३ मध्ये टेलरमेडने 'एसएलडीआर' नावाचा ड्रायव्हर आणला. त्यात वजन खाली आणि मुद्दाम पुढे होतं. चेंडूची फिरकी इतकी कमी व्हायची की कंपनीला लोकांना सांगावं लागलं, नेहमीपेक्षा जास्त कललेला फेस घ्या. ज्यांना जमला त्यांना तो फार आवडला. पण कडेला मारणाऱ्याला त्यातून फारसा आधार नव्हता. प्रॉडक्ट तेच, एकाला वरदान, दुसऱ्याला डोकेदुखी.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. २००७ च्या सुमारास नायकी आणि कॅलवे यांनी चौकोनी हेडचे ड्रायव्हर आणले. कोपऱ्यांत वजन, एमओआय भरपूर. कागदावर उत्तम! पण दिसायला विचित्र, आणि आवाज अनेकांना पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा वाटला. चौकोनी हेडची ती फॅशन टिकली नाही. सांभाळून घेणारी वस्तूही हातात धरायला बरी वाटली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक तिला वापरण्याआधीच नापास करतं.

आणि सांभाळून घेणं म्हणजे जादू नव्हे, हेही लक्षात ठेवा. फेसच उघडा ठेवून चेंडू मारला तर तो उजवीकडेच जाणार. जास्त एमओआयचं हेड तुमची जागा चुकली तर मदत करतं, दिशाच चुकली तर नाही.

३ मिलिमीटरचा हिशोब

छोट्या धंदेवाल्याने पाठ करून ठेवावा असा हा हिशोब आहे.

हेडचं वजन २०० ग्रॅमच ठेवायचं. वाढवलं तर फिरवायला जड, वेग कमी. त्यातला बहुतेक भाग फेस, कवच आणि शाफ्टचा जोड यांतच संपतो. हवं तिथे ठेवता येईल असं मोकळं वजन थोडंच उरतं. समजा त्यातले १० ग्रॅम तुम्ही पुढून उचलून ६० मिलिमीटर मागे नेले. गुरुत्वमध्य किती सरकला? १० भागिले २००, गुणिले ६०. फक्त ३ मिलिमीटर.

या ३ मिलिमीटरसाठी कंपन्या हेडचं वरचं कवच, म्हणजे क्राउन, टायटॅनियमऐवजी कार्बन फायबरचं करतात. तिथे काही ग्रॅम वाचतात. ते वाचलेले ग्रॅम टंगस्टनच्या छोट्या तुकड्यात भरून मागच्या कडेला लावतात. टंगस्टन टायटॅनियमच्या चौपटीहून जास्त जड, त्यामुळे छोट्या जागेत मावतं.

आधी नको तिथून काढलं, मग हवं तिथे लावलं. क्रम लक्षात घ्या. तुमच्याकडेही पैसा आणि वेळ ठरलेला आहे, तो वाढत नाही. गिऱ्हाइकाला नीट माहिती देणारं पाकीट हवंय? मग महागडा बॉक्स सोडा, त्याचे पैसे तिकडे लावा. दोन्ही पाहिजे म्हणालात तर हेड जड झालं.

एक नाव, तीन गिऱ्हाइकं

मग पुढे की मागे, हा वाद सुटला कसा? सुटलाच नाही. कंपन्यांनी तो गिऱ्हाइकावर सोडला. पिंगच्या जी४३० मालिकेत एकाच नावाखाली वेगवेगळे ड्रायव्हर आहेत. 'मॅक्स' सांभाळून घेणारा, 'एलएसटी' कमी फिरकीचा, जोरात आणि नेमकं मारणाऱ्यांसाठी. आणि 'एसएफटी'मध्ये वजन हीलकडे, म्हणजे ज्यांचा चेंडू सतत उजवीकडे पळतो त्यांचा फेस वेळेत बंद व्हावा म्हणून. सगळ्यांसाठी सगळं करणारा एकच ड्रायव्हर त्यांनीही काढला नाही.

आता परत आमच्या ढोकळ्याकडे. माल परत आल्यावर बायको म्हणाली, "आपण पाणी मोजायला शिकवत बसण्यापेक्षा पीठच असं करूया की थोडं पाणी जास्त झालं तरी चालेल." तिने रव्याचं प्रमाण वाढवलं. दहा-बारा वेळा मुद्दाम चुकीचं पाणी घालून करून पाहिला. ढोकळा पहिल्याइतका मऊ होईना, हे मला खटकत होतं. मी आठवडाभर वाद घातला. पण नव्या पाकिटांवर फोन येणं जवळजवळ थांबलं आणि परत केलेल्या चारपैकी तीन दुकानदारांनी माल पुन्हा ठेवला. आमचा सर्वात चांगला ढोकळा आम्ही थोडा गमावला, पण गिऱ्हाइकाचा सर्वात वाईट ढोकळा खाण्यासारखा झाला. त्या वेळी मला गुरुत्वमध्य हा शब्दही आठवत नव्हता. बायकोने वजन मागे नेलं होतं, एवढंच!

या आठवड्याचं काम

वही काढा आणि चार गोष्टी लिहा.

१. माझी वस्तू किंवा सेवा गिऱ्हाईक कुठे कुठे चुकीची वापरतं? गेल्या महिन्यातल्या तक्रारी आठवा. "त्यांचीच चूक" म्हणून सोडून दिलेल्या तक्रारी आधी लिहा.

२. त्यातली एक चूक स्वतः मुद्दाम करून बघा. टेलर असाल तर माप एक सेंटिमीटर चुकलेला ब्लाउज नंतर सोडवून सैल करता येईल इतकं कापड आत ठेवलंय का? क्लास घेत असाल तर एक तास बुडवलेल्या मुलाला पुढचा तास कळतो का?

३. ती चूक पोटात घालायची तर मला काय कमी करावं लागेल? चव, वेग, दिसणं, नफा? आकडा लिहा. फुकटात होत असेल तर हिशोब परत तपासा.

४. माझा गिऱ्हाईक कोण आहे, रविवारवाला की व्यावसायिक? तुम्ही हॉटेलच्या आचाऱ्यांना पीठ विकत असाल तर ते पाणी मोजूनच घालणार. त्यांना रवा वाढवलेलं पीठ देऊ नका, त्यांना पहिलंच द्या.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तिसऱ्यावर पैसे खर्च करू नका.

तुमची ती एक चूक कोणती आणि तुम्ही त्यासाठी काय कमी केलंत, ते मला नक्की लिहून कळवा. निवडक उत्तरं पुढच्या व्हिडिओत घेऊ. तोपर्यंत, त्या दोन बाटल्या आणि काठीचा प्रयोग घरातल्या मुलांबरोबर करून बघाच.

भेटूया.